शिमला ऑफिसची थंडी आणि सकाळी साडेसहाचा गिझर

शिवाजीनगरच्या एका चौकाला पुणेकर आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात. बसच्या कंडक्टरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच नाव. भारतीय हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे हललं, आणि त्याच्या मागोमाग गावाचं नावही आलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. नाव आणि वेधशाळा मात्र पुण्यातच राहिली. रोज पेपरात 'पुण्याचं किमान तापमान' म्हणून जो आकडा छापून येतो, तो शिवाजीनगरच्या वेधशाळेतला. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, आणि तो नीचांक अजून मोडलेला नाही.

मोजून झालेला आकडा सांगणं सोपं. तोच आकडा आठ-दहा दिवस आधी सांगायचा म्हटलं तर काय काय करावं लागतं, तो कितपत खरा मानायचा, आणि इतक्या आधी तो हवा तरी कुणाला असतो, याबद्दल मला लिहायचं आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी 'वीज पुरवणाऱ्यांना' असं आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ. तीन दिवसांपर्यंतचा अंदाज लघु पल्ल्याचा. चौथ्यापासून दहाव्या दिवसापर्यंतचा मध्यम पल्ल्याचा. त्यापुढे, हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा कल सांगतो, तो विस्तारित पल्ल्याचा. 'यंदा ला निना आहे, थंडी कडक पडणार' हे बोलणं याहून वेगळं. (ला निना म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी विषुववृत्ताजवळ नेहमीपेक्षा गार असणं.) ते अख्ख्या हंगामाच्या सरासरीबद्दल असतं. त्यावरून येत्या मंगळवारी पहाटे स्वेटर लागेल की नाही हे कळत नाही. आपल्याकडे या दोन्हींची सर्रास गल्लत होते, आणि मग 'अंदाज चुकला' म्हणून बोल लावला जातो तो भलत्याच अंदाजाला.

थंडी येते कुठून

पुण्याची थंडी पुण्यात अर्धीच तयार होते. उरलेली अर्धी फार लांबून येते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत उत्तर भारतात येतात. यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. तो काश्मीर-हिमाचलवर असताना तिथे बर्फ पडतो, पंजाब-दिल्लीकडे ढग येतात, पाऊस होतो. त्या एक-दोन रात्री तिकडच्या मैदानी भागात उलट थोडी ऊब असते. झंझावात पुढे सरकला की आकाश मोकळं होतं आणि त्याच्या पाठीमागून उत्तरेचा कोरडा, गार वारा खाली उतरतो. मध्य प्रदेश, मग खानदेश, निफाड, आणि त्यानंतर दिवस-दोन दिवसांत आपण. म्हणून पुण्यात पुढच्या आठवड्यात थंडीचा कडाका पडणार का, हे बघणाऱ्या माणसाची नजर आज इराणच्या नकाशावर असते.

दुसरा अर्धा भाग इथल्या जमिनीचा. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडत राहते. हवेत बाष्प असेल, वर ढग असतील, तर ती उष्णता गोधडीखाली राहावी तशी खाली अडते. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असेल तर ती निघून जाते, आणि पहाटेपर्यंत पारा उतरतच राहतो. वारा पडला तर आणखी एक गोष्ट घडते. गार हवा जड, त्यामुळे ती उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. पाषाण आणि एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) परिसर शहरातल्या इतर भागांपेक्षा गारठतो तो यामुळे. महाबळेश्वर आपल्यापेक्षा कितीतरी उंच, तरी डिसेंबर-जानेवारीतल्या कित्येक पहाटे पुणे त्याच्याहून थंड असतं, त्यामागेही हेच कारण. उलट कोरेगाव पार्क, मगरपट्टा इथे सिमेंट-काँक्रीट रात्रभर ऊब सोडत राहतं. कडाक्याच्या पहाटे एकाच शहरातल्या दोन ठिकाणांत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो.

आणि थंडीला पळवून लावणारा गडी बसतो पूर्वेला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ तयार झालं की वारे पूर्वेकडून वाहू लागतात, बाष्प येतं, ढग येतात, आणि दहा अंशांवर गेलेला पारा दोन-तीन रात्रींत पंधराच्या वर चढतो. 'सवाईची थंडी' हा शब्द पुण्यात रूढ आहे. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला शाल घेऊन जायचं हे ठरलेलं. तरी एखाद्या वर्षी शाल हातावरच राहते. तेव्हा बहुतेक वेळा चेन्नईच्या बाजूला काहीतरी चाललेलं असतं.

म्हणजे पुण्याच्या पहाटेचा दहा दिवसांपुढचा अंदाज करणं म्हणजे इराणवरचा एक झंझावात आणि उपसागरातलं एक संभाव्य वादळ यांच्यातली रस्सीखेच आधी ओळखणं. त्यातलं वादळ अनेकदा अजून जन्मलेलंही नसतं.

गणित कसं करतात

रोज पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या वेळांना जगभरातून हवेत फुगे सोडले जातात. वर जाता जाता ते दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा कळवतात. जगात सगळीकडे घड्याळाची ठरावीक एकच वेळ पाळायची म्हणून आपल्या वाट्याला हा साडेपाचचा मुहूर्त आला. याच्या जोडीला उपग्रह, जहाजं, विमानं, जमिनीवरची केंद्रं. या सगळ्यांतून 'आत्ता या क्षणी वातावरण कसं आहे' याचं एक चित्र तयार होतं. मग पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोनी ठोकळे कल्पायचे आणि प्रत्येक ठोकळ्यात भौतिकशास्त्राची समीकरणं काही मिनिटांच्या उड्या घेत पुढे पुढे सोडवायची. दहा दिवस पुढे जाईपर्यंत.

ठोकळा केवढा, याला फार महत्त्व आहे, आणि इथे पुन्हा पुणं येतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' हा महासंगणक आला, त्याच वेळी नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात 'मिहिर'. हे नोएडाचं केंद्र १९८८ पासून नावाप्रमाणे याच कामासाठी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पाषाणला 'अर्क' आणि नोएडाला 'अरुणिका' हे त्याहून मोठे संगणक आले. मे २०२५ मध्ये पाषाणच्या संस्थेतच घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' रोजच्या वापरात आली. तिचा ठोकळा ६ किलोमीटरचा आहे, आधीचा १२ किलोमीटरचा होता.

फरक समजून घ्यायचा तर कोथरूड ते कोरेगाव पार्क हे अंतर डोळ्यांसमोर आणा. १२ किलोमीटरच्या एका ठोकळ्यात ही दोन्ही टोकं मावू शकतात, आणि अशा वेळी संगणकाच्या लेखी दोन्हीकडे एकच तापमान. ६ किलोमीटरच्या जाळीत ती वेगळी होतात. पण ही वाढीव नजर फुकट मिळत नाही. बाजू निम्मी केली की त्याच जमिनीवर चौपट ठोकळे बसवावे लागतात, आणि वेळेच्या उड्याही निम्म्या कराव्या लागतात. म्हणजे काम साधारण आठपट. सहा किलोमीटरसुद्धा पाषाणच्या खोलगटात साचणारी गार हवा नीट टिपायला पुरेसे नाहीत. तिथे जुन्या नोंदी हाताशी धरून दुरुस्ती करावीच लागते.

अलीकडे समीकरणं न सोडवता, गेल्या काही दशकांच्या नोंदींवर शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलंही या कामात उतरली आहेत. युरोपीय मध्यम पल्ला केंद्राने तसं एक मॉडेल फेब्रुवारी २०२५ पासून रोजच्या वापरात घेतलं. ती फार झटपट उत्तर देतात. पण सुरुवातीचं चित्र त्यांनाही लागतंच, आणि ते फुगे-उपग्रहांकडूनच येतं.

एकवीस दिवे

आता या विषयाचा गाभा. सुरुवातीचं चित्र कधीच पूर्ण अचूक नसतं. समुद्रावर, वाळवंटात, डोंगरांवर मोजमापं विरळ असतात. एवढीशी चूक पुढे काय करते हे एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९६१ च्या हिवाळ्यात दिसलं. त्याने संगणकावरची एक आकडेमोड मधूनच पुन्हा सुरू केली आणि ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. थोडा वेळ दोन्ही उत्तरं हातात हात घालून चालली, मग फाटे फुटत गेले, आणि शेवटी दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. हवेचा दिवसावार अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे जमत नाही, ही मर्यादा याच स्वभावातून येते. मोठा संगणक आणून ती पार करता येत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग मला फार प्रामाणिक वाटतो. ओंकारेश्वरापाशी मुठा नदीत एकाच जागेवरून एकवीस दिवे सोडले अशी कल्पना करा. अगदी एकाच जागेवरून नाही, बोटभर इकडे-तिकडे. सुरुवातीला ते घोळक्याने जातात. पात्र अरुंद आणि प्रवाह एकसारखा असेल तर बराच वेळ एकत्र राहतात. मधे पुलाचे खांब आले की काही डावीकडे, काही उजवीकडे, एखादा भोवऱ्यात. कुठला दिवा कुठे जाईल हे सांगता येणार नाही, पण खांबांपलीकडे ते पांगणार हे सांगता येतं, आणि बहुतेक कुठल्या बाजूला जाणार हेही.

हवामानाच्या मॉडेलचंही तसंच करतात. सुरुवातीच्या चित्रात बोटभर फरक करून एकच मॉडेल अनेकदा चालवतात. २०१८ पासून हवामान विभाग असे २१ अंदाज एकदम काढतो. युरोपीय केंद्र ५१ काढतं. याला समूह अंदाज म्हणतात.

समजा दोन वेगवेगळ्या रविवारी आपण पुढच्या सोमवारच्या, म्हणजे आठव्या दिवसाच्या, पहाटेकडे बघतो आहोत. दोन्ही वेळा फोनवरचं अॅप '११ अंश' दाखवतं. पहिल्या रविवारी २१ पैकी १८ अंदाज दहा ते बारा अंशांच्या आत आहेत. दुसऱ्या रविवारी १२ अंदाज आठ-नऊ अंश म्हणतात आणि ९ अंदाज चौदा-पंधरा, कारण उपसागरातला पट्टा इकडे वळेल की नाही यावर त्यांचं एकमत नाही. दुसऱ्या वेळची सरासरीही अकराच येते, पण अकरा अंश असं म्हणणारा त्यातला एकही अंदाज नाही! ती पहाट एक तर बोचरी असेल नाही तर उबदार. सरासरीसारखी असण्याचीच शक्यता सर्वांत कमी.

अॅपवाले हा पांगलेपणा आपल्यापर्यंत येऊ देत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतात, मग तापमानाचीही सांगावी. '८ ते १५, बहुधा खालच्या बाजूला' एवढं लिहायला जागा किती लागते? वाचणारा माणूस तेवढा शहाणा असतो.

वीजवाल्यांना याचं काय

वीज फार मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही. कुणीतरी बटण दाबलं की त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. दोन्ही बाजू जुळल्या की देशभरच्या जाळ्याची वारंवारता, म्हणजे वीजप्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० हर्ट्झवर राहते. मागणी जास्त झाली की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते. ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात तिला ठेवायचं असतं. त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकड्यात किती वीज लागेल, ती कुठून येईल, हे आदल्या दिवशीच लिहून काढतात. आपल्या राज्यात हा ताळमेळ कळव्याचं राज्य भार प्रेषण केंद्र बघतं.

थंडीचा या वहीशी संबंध कसा येतो ते आपल्याच न्हाणीघरात बघू. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर. टाकीतलं पाणी २० अंशांवर असेल आणि ४५ पर्यंत तापवायचं असेल तर साधारण ०.४४ युनिट लागतं, म्हणजे १३ मिनिटं. थंडी वाढून टाकीतलं पाणी १६ अंशांवर आलं तर ०.५१ युनिट, म्हणजे १५ मिनिटं. दोन मिनिटांचा फरक, त्याचं काय एवढं? आता एक लाख घरं धरा, सगळी सकाळी साडेसहा ते साडेसात या तासात सारख्या अंतराने गिझर लावणारी. प्रत्येक गिझर १३ मिनिटं चालला तर कुठल्याही क्षणी सुमारे २२ हजार गिझर चालू असतात, मागणी ४४ मेगावॅट. १५ मिनिटं चालला तर २५ हजार, मागणी ५० मेगावॅट. शिवाय माणसं सारख्या अंतराने उठत नाहीत. शाळेची बस सातला असते, त्यामुळे सगळी गर्दी आधीच्या अर्ध्या तासात होते. आणि कडाक्याच्या दिवशी एरवी कोमट पाण्यावर भागवणारेही गिझर लावतात.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. इथे गच्च्यांवर सौर बंब पुष्कळ. महापालिका त्यासाठी मिळकतकरात सूट देते. ढगाळ दिवशी बंबातलं पाणी तापत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली विजेची कॉइल चालू होते. गंमत बघा. ढगांमुळे पहाट उबदार झाली, तापमानाच्या तक्त्यावरून मागणी कमी व्हायला हवी, आणि प्रत्यक्षात या घरांची वाढली. नुसता किमान तापमानाचा आकडा हाती असून भागत नाही, ते असं.

बाकी पुण्याच्या थंडीत एकूण वीज बहुतेक वेळा कमीच लागते. पंखे बंद, एसी बंद, फ्रिजलाही कमी कष्ट. मागणीचा नेहमीचा उंचवटा मात्र सकाळकडे सरकतो आणि टोकदार होतो. युरोपातली गोष्ट निराळी. फ्रान्समध्ये कितीतरी घरं विजेवर उबवतात. तिथे हिवाळ्यात तापमान एक अंशाने उतरलं की सुमारे २,४०० मेगावॅट जास्त वीज लागते. आपल्या अख्ख्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, यावरून त्या एका अंशाचं वजन कळेल. अमेरिकेत घरं बरीचशी नैसर्गिक वायूवर उबवतात. तिथे दिवसाचं सरासरी तापमान १८ अंशांच्या किती खाली गेलं ते मोजून त्यांची बेरीज करतात, तिला तापन अंश-दिवस म्हणता येईल. दहा दिवसांचा अंदाज दोन अंशांनी बदलला की त्या दिवशी वायूचा भाव हलतो.

आपल्याकडे हिवाळ्यात मोठा भार कसला, तर शेतातल्या मोटारींचा. गहू, हरभरा, कांदा, ऊस, सगळ्यांना पाणी हवं असतं आणि वरून पाऊस नसतो. त्यामुळे माझ्या मते महाराष्ट्रात वीजवाल्यांनी थंडीइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष अवकाळी पावसावर ठेवायला हवं. एका रात्री चार-पाच जिल्ह्यांत पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी मोटारी बंद, आणि वहीत लिहून ठेवलेली मागणी गायब. तयार झालेली वीज कुठे घालायची हा प्रश्न उरतो. कोळशावर वीज बनवणारा संच पंख्यासारखा बंद-चालू होत नाही. त्याला क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांखाली नेणं अवघड, आणि एकदा थंड पडला की पुन्हा पेटवायला तासच्या तास जातात.

निर्मितीच्या बाजूलाही हिवाळ्याचा स्वभाव वेगळा. सातारा-धुळ्याकडच्या पवनचक्क्या पावसाळ्यात भरभरून वीज देतात, थंडीत सुस्तावतात. सौर वीज आकाश स्वच्छ असल्याने आणि पॅनेल गार राहिल्याने दुपारी छान मिळते, पण जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. गिझरची गर्दी त्याच्या आधी होऊन जाते. ही मधली फट भरायला कोयनेचं पाणी असतं. तिथले संच काही मिनिटांत सुरू होतात. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायचं कोयनेचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी एवढंच, आणि हिशोबाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. जानेवारीत उगाच सोडलेलं पाणी मे महिन्याच्या संध्याकाळी उरत नाही.

किती दिवस आधी काय करता येतं

आता मध्यम पल्ल्याचं मोल लक्षात येईल. दहा दिवस हाती असतील तर देखभालीसाठी संच बंद करायचा की आठवडाभर थांबायचं हे ठरवता येतं, कोळशाच्या गाड्यांची आखणी करता येते. उत्तरेत दाट धुकं पडणार असेल तर रेल्वे रखडणार, हेही त्याच अंदाजातून कळतं. पाच-सहा दिवस असतील तर दुसऱ्या राज्याशी वीज घेण्या-देण्याचं बोलता येतं. थंड पडलेला संच पेटवायला दोन दिवस आधी सांगितलेलं बरं. एक दिवस उरला की वीज बाजार. तिथे उद्यासाठीच्या बोली आज लागतात, आणि भाव युनिटला कमाल १० रुपयांपर्यंत चढू शकतो. त्यानंतर उरते कोयना. जितका उशीर, तितके पर्याय कमी आणि महाग.

पण दहाव्या दिवसाच्या अंदाजावर पैसे लावायचे तर तो चुकण्याची भीती असतेच. इथे ते एकवीस दिवे कामाला येतात. समजा आठवडाभर आधी जादा विजेची सोय करून ठेवायला २ लाख रुपये पडतात. सोय केली नाही आणि कडाका पडला, तर ऐन वेळी ८ लाखांचा फटका. दोनाला आठाने भागा, पाव भाग, म्हणजे २५ टक्के. कडाक्याची शक्यता २५ टक्क्यांहून जास्त असेल तर सोय करणं फायद्याचं, कमी असेल तर थांबणं फायद्याचं. २१ पैकी ६ अंदाज कडाका म्हणत असतील तर ते २९ टक्के झाले. सोय करा. लक्षात घ्या, १५ अंदाज 'कडाका नाही' म्हणत असतानाही शहाणा निर्णय सोय करण्याचा आहे, आणि त्यातल्या दहापैकी सात वेळा कडाका पडणार नाही. बाहेरून बघणारा म्हणेल, पैसे वाया घालवले. वर्षाअखेरीचा हिशोब मात्र त्याच माणसाच्या बाजूने लागेल.

अंदाज चांगला असून काहीच न केल्याचं उदाहरण फार भीषण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हाडं गोठवणारी थंडी आली. येणार हे आठवडाभर आधी दिसत होतं. पण वायूच्या विहिरी, नळ आणि वीजकेंद्रं अशा थंडीसाठी झाकलेलीच नव्हती. ती गोठली. मागणी वर आणि निर्मिती खाली. सुमारे ४५ लाख घरांची वीज गेली, आणि राज्याच्या अधिकृत मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली. आठवड्याभरात वीजकेंद्रांना गोधडी शिवता येत नाही, ती तयारी आधीच्या वर्षांत व्हायला हवी होती.

माझ्या मामांचं शेत जुन्नर तालुक्यात आहे. शेतीची वीज कित्येक वर्षं आलटून-पालटून मिळायची, एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री दहा तास. रात्रीची पाळी डिसेंबर-जानेवारीत आली की मामा कानटोपी, घोंगडी आणि बॅटरी घेऊन बाराला लाईट आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचे. पाय गार पाण्यात, आणि उसात बिबट्या असण्याची धास्ती. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. आता दिवसा सौर वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत १६,००० मेगावॅटचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते जसजसं पूर्ण होईल तसतसा मोटारींचा भार रात्रीकडून दुपारकडे सरकेल, आणि माझ्या मामांसारख्यांना रात्री घरात झोपता येईल. मला या सगळ्या विषयात यापेक्षा महत्त्वाचं काही वाटत नाही. पण त्यामुळे ढगांचा अंदाजही आणखी जोखमीचा होतो. सलग तीन ढगाळ दिवस येणार असतील, तर ते आठवडाभर आधी कळलं पाहिजे, म्हणजे गव्हाचं पाणी दोन दिवस अलीकडे घेता येईल.

तुम्हाला स्वतःला अंदाज वाचायचा असेल तर सातव्या दिवसाच्या आकड्यावर फार डोळे लावू नका. आकाश निरभ्र सांगितलं आहे की ढगाळ, वारा उत्तरेचा की पूर्वेचा, एवढं बघा. मग रोज परत बघा. तोच कल तीन-चार दिवस टिकून राहिला तर तो बहुधा खरा. रोज उलटसुलट होत असेल तर दिवे खांबांपाशी पोचले आहेत असं समजा.

आणि शिवाजीनगरचा आकडा? वेधशाळेत पांढऱ्या झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, किमान तापमापी ठेवलेली असते. ती सकाळी साडेआठला वाचतात. तोवर ऊन वर आलेलं असतं, शाळेच्या बसेस पोचलेल्या असतात, आणि पुण्यातले बहुतेक गिझर बंद झालेले असतात.